म्यूऑन जमिनीपर्यंत पोचतो कसा?

विशेष सापेक्षता सिद्धांत दोनच गृहीतकांवर उभा आहे. एकसमान वेगाने सरळ रेषेत जाणाऱ्या प्रत्येक निरीक्षकासाठी निसर्गाचे नियम तेच असतात, हे पहिले. निर्वात पोकळीतला प्रकाशाचा वेग अशा प्रत्येक निरीक्षकाला सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटरच भरतो, हे दुसरे. पहिले गॅलिलिओपासून परिचयाचे. घोडे अडते ते दुसऱ्यापाशी. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या लोकलमध्ये कोणी पुढच्या दिशेने ताशी ५ किलोमीटरने चालला, तर फलाटावरच्या माणसाला तो ६५ने जाताना दिसतो. लोकलच्या दिव्यातून निघालेल्या प्रकाशाला मात्र ही बेरीज लागू होत नाही.

वेग म्हणजे अंतर भागिले काळ. भागाकार सर्वांना सारखाच यायचा, तर अंतर आणि काळ निरीक्षकागणिक बदलायलाच हवेत. बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरी करणाऱ्या २६ वर्षांच्या आइन्स्टाइनने १९०५ मध्ये हे सरळ मान्य केले. कालविस्ताराचे, म्हणजे धावते घड्याळ संथ चालण्याचे, सूत्र काढायला पायथागोरसचे प्रमेय पुरते, तेव्हा गणिताची धास्ती अनाठायी आहे. जड जाते ते ‘आत्ता’ हा क्षण साऱ्या विश्वाचा एकच असतो, ही समजूत सोडणे.

ती सोडवायला म्यूऑन उत्तम. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळले की साधारण १५ किलोमीटर उंचीवर हे कण जन्मतात. त्यांचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. प्रकाशाच्या वेगाने धावले तरी तेवढ्यात ६६० मीटर कापून होतात. म्हणजे बहुतेक वाटेतच संपायला हवेत. प्रत्यक्षात समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला सुमारे एक म्यूऑन पोचतो.

प्रकाशाच्या ९९.९ टक्के वेगाने येणाऱ्या म्यूऑनचे घड्याळ आपल्या हिशेबाने २२ पट संथ चालते. त्यामुळे त्याची सरासरी मजल जवळपास १५ किलोमीटर होते. म्यूऑनच्या बाजूने पाहिले तर त्याचे आयुष्य २.२ मायक्रोसेकंदच असते. आक्रसते ते वातावरण, १५ किलोमीटरचे जेमतेम ६७० मीटर होऊन. हिशेब दोन, पण म्यूऑन जमिनीवर पोचतो की नाही, याचे उत्तर एकच. ‘सगळेच सापेक्ष असते’ असे या सिद्धांताच्या नावावर खपवणारे नेमके हेच विसरतात.

अशा अल्पायुषी कणांवरून कालविस्तार थेट तपासता येईल, हे होमी भाभांनी केंब्रिजमध्ये असताना १९३८ मध्येच ‘नेचर’मध्ये मांडले होते. ब्रूनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी कोलोरॅडोत वेगवेगळ्या उंचीवर कण मोजून १९४१ मध्ये त्याचा पुरावा दिला. पुढे सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत म्यूऑन वर्तुळाकार कड्यात फिरवत ठेवले गेले. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत त्यांचे आयुष्य सुमारे ६४ मायक्रोसेकंद भरले, सूत्राप्रमाणे २९ पट.