वर्मी लागेल ती गोळी

‘घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ असं बातमीत आपण वाचतो. पुंगळी म्हणजे काडतुसाची पितळी नळी. तिच्या बुडाशी दिवाळीतल्या टिकलीचं काम करणारा प्रायमर, पोटात दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की दारू पेटते आणि बंदुकीच्या नळीतून बाहेर पडते ती फक्त गोळी. बोलताना आपण या सगळ्यालाच गोळी म्हणून टाकतो. अमेरिकेत काळ्या अस्वलाच्या शिकारीला निघालेल्या माणसानं मात्र दोन्ही वेगळं धरावं. काडतुसावरून तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतात. माझ्या मते अस्वल जागीच संपेल की जखमी होऊन झाडीत शिरेल, हे काडतुसापेक्षा गोळीच्या घडणीवर आणि ती कुठे लागते यावर जास्त अवलंबून असतं.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी घातली आणि ताडोबा-मेळघाटातल्या अस्वलाला त्या कायद्याचं कडक संरक्षण आहे. ते अस्वल वेगळ्या जातीचं. उत्तर अमेरिकेतलं काळं अस्वल तिथे लाखांच्या संख्येत आहे आणि अनेक राज्यांत ठरलेल्या हंगामात, परवाना काढून त्याची शिकार होते. मादी साधारण ५० ते ८० किलोंची असते. नर सहज १०० किलोंवर जातो, क्वचित २५०च्याही पुढे. म्हणजे बहुतेक अस्वलांना हत्ती मारायची बंदूक लागत नाही.

काडतुसांची नावं गोंधळात टाकतात, पण उकलली की इतिहास सांगतात. ‘फॉर्टीफाइव्ह-सेव्हंटी’ हे १८७३चं लष्करी काडतूस: ०.४५ इंच जाडीची गोळी आणि ७० ग्रेन काळी दारू. ‘थर्टी-थर्टी’ १८९५मध्ये बाजारात आलं. त्यात ०.३० इंचाची गोळी आणि ३० ग्रेन बिनधुराची दारू. ‘थर्टी-ऑट-सिक्स’मधला शेवटचा आकडा मात्र दारूचा नव्हे, सालाचा आहे: १९०६. ग्रेन हे वजन आपल्याला परकं वाटतं, पण जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. थर्टी-ऑट-सिक्समधून सुटणारी १८० ग्रेनची गोळी म्हणजे एक तोळ्याचा ऐवज, सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगानं निघालेला. थर्टी-थर्टीची १७० ग्रेनची गोळी ६७० मीटरच्या आसपास. कागदावर हा फरक मोठा दिसतो. पण मेनसारख्या राज्यात आमिष ठेवून, मचाणावर बसून शिकार होते तिथे अस्वल वीस-तीस मीटरवर येतं. तेवढ्या अंतरावर थर्टी-थर्टी पुरून उरते. उघड्या डोंगरउतारावर दोनशे मीटरवरून बार टाकायचा असेल, तर थर्टी-ऑट-सिक्स किंवा थ्री-ओ-एटसारखं काडतूस हवं. यापेक्षा दणकट काडतूस घेऊन खांद्याला बसणाऱ्या धक्क्याच्या भीतीनं डोळे मिटून चाप ओढणारा माणूस मला जास्त धोकादायक वाटतो.

आता गोळी. साध्या शिकारी गोळीत आत शिसं, बाहेर तांब्याचं पातळ कवच आणि टोकाशी शिसं उघडं असतं. शरीरात शिरताच ते टोक अळंबीसारखं उमलतं आणि जखम रुंद होते. लष्करी गोळी पूर्ण कवचात असल्यानं उमलत नाही, आरपार बारीक भोक पाडून जाते, म्हणून मोठ्या जनावरांसाठी अनेक राज्यांत ती चालत नाही. याच्या उलट, हलकी आणि अतिवेगवान गोळी खांद्याच्या हाडावरच फुटून विखुरते, आत पोचतच नाही. उमलायचं, पण फुटायचं नाही, अशी ही कसरत आहे. शिकारी जॉन नॉस्लर यांना ती १९४६मध्ये ब्रिटिश कोलंबियात सतावू लागली. चिखलानं माखलेल्या मूस या मोठ्या हरणावर त्यांच्या गोळ्या वरच्यावर फुटल्या. घरी येऊन त्यांनी दोन खणांची गोळी बनवली: पुढच्या खणातलं शिसं उमलतं, मध्ये तांब्याची आडभिंत, आणि तिच्यामागचा अर्धा भाग शाबूत राहून पुढे घुसत जातो. ‘पार्टिशन’ नावाची ती गोळी आजही विकली जाते.

अस्वलाच्या बाबतीत गोळीनं उमलून आरपार जाण्याला फार किंमत आहे. शरदात, झोपेच्या हंगामाआधी, त्याच्या अंगावर चार-चार बोटं चरबी चढते, वर दाट केस. गोळी आतच राहिली तर चरबी भोक बुजवते, केस रक्त शोषून घेतात आणि माग लागतच नाही. दुसऱ्या बाजूनं बाहेर पडली, तर त्या दुसऱ्या भोकातून रक्त गळत राहतं. लोंबत्या केसांमुळे अंगाचा आकारही फसवतो, पोट आहे त्यापेक्षा खाली आल्यासारखं दिसतं आणि नेम खाली जातो. म्हणून जाणता शिकारी अस्वल आडवं उभं राहण्याची, जवळचा पुढचा पाय पुढे पडण्याची वाट पाहतो. तो पाय सरकला की खांद्यामागची जागा उघडी होते. तिथे आत हृदय आणि फुप्फुसं. गोळी वर्मी लागली, असं आपण म्हणतो ते हेच वर्म.

शिशाचा एक दोष मात्र जनावर मेल्यावर सुरू होतो. त्याचे बारीक कण मांसात आणि रानात टाकलेल्या आतड्यांत राहतात. ती खाऊन कॅलिफोर्नियातल्या काँडोर गिधाडांना विषबाधा होत राहिली, तीही १९८०च्या दशकात ही जात तीसहून कमी पक्ष्यांवर आलेली असताना. १ जुलै २०१९पासून त्या राज्यात शिशाच्या गोळीनं शिकार करायला बंदी आहे. निव्वळ तांब्याची गोळी चार पाकळ्यांत उमलते आणि वजन जवळजवळ सगळं टिकवते. तांबं शिशाहून हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. शिवाय तिला उमलायला वेग लागतो. म्हणून शिशाची १८० ग्रेनची वापरणारा तांब्यात १५०ची घेतो. आणि गोळी बदलली की मार वर-खाली सरकतो, तेव्हा हंगामाआधी त्याच डब्यातली काडतुसं घेऊन त्यानं निशाण्याच्या कागदावर बंदूक पुन्हा जुळवून घ्यायची असते.