खाकी उतरवल्यावर गोष्ट लिहायला बसताना

केंद्रावरच्या ताई मला म्हणाल्या, "मावशी, तुम्ही पोलिसात होतात आणि आता म्हणे कादंबरी लिहिताय. ते कसं जमतं, त्यावर बोला ना." मी म्हटलं, जमतंय असं तुम्हाला कुणी सांगितलं? पण कुठे कुठे अडतं, ते मात्र मी नक्की सांगू शकते.

मी १९८८ साली महिला शिपाई म्हणून भरती झाले आणि २०२१ साली सहायक फौजदार म्हणून घरी आले. वाचायचं वेड आधीपासूनच. रात्रपाळीला वाचनालयातली बाबुराव अर्नाळकरांची जुनी पुस्तकं घेऊन जायची. त्यांचा झुंजार आणि काळा पहाड आमच्या ठाण्यात मुक्कामालाच असायचे म्हणा ना. निवृत्तीच्या निरोप समारंभात सगळे म्हणाले, "तुमच्याकडे तर गोष्टींचा खजिना आहे, आता लिहा." मलाही वाटलं, माल तर घरातच आहे, फक्त कागदावर उतरवायचा.

पोलिसातून लेखणीकडे जाणारी माणसं काही आजची नाहीत. कलकत्ता पोलिसात प्रियनाथ मुखोपाध्याय नावाचे एक गुप्तहेर अधिकारी होते. ३३ वर्षं नोकरी झाली त्यांची, माझ्याइतकीच. त्यांनी १८९२ पासून 'दारोगार दप्तर' या नावाने बंगालीत मासिक पुस्तिका काढल्या. आपल्याच तपासाच्या कथा, दोनशेच्या वर. आपल्याकडच्या मोठ्या पोलीस अधिकाऱ्यांनीही आत्मचरित्रं लिहिली आहेत. मीरां बोरवणकर मॅडमचं पुस्तक तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. पण आत्मचरित्र वेगळं आणि कादंबरी वेगळी, हे मला वही भरायला लागल्यावर कळलं.

पहिली अडचण भाषेची. आम्हाला लिहिता येत नाही असं नाही. उलट आम्ही जन्मभर लिहितच असतो, स्टेशन डायरी, जबाब, पंचनामे. पंचनाम्याची भाषा कशी असते, थोडी रचून ऐकवते. "सदर घर पूर्वाभिमुख असून भिंती विटामातीच्या आहेत. आत प्रवेश करताच उजव्या हातास स्वयंपाकाची जागा. चुलीवर ॲल्युमिनियमचे पातेले, त्यात अर्धवट शिजलेला भात. टोपलीत सहा भाकरी." असंच लिहायचं असतं, आणि त्याला कारण आहे. खटला उभा राहायला दोन-तीन वर्षं लागतात. तेव्हा पंचाला कोर्टात उभं राहून तेच सांगता आलं पाहिजे. म्हणून डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं, मनात आलं ते नाही. "ती बाई घाबरलेली होती" असं लिहिलंत, तर बचावाचे वकील विचारणार, कशावरून?

आणि गोष्टीला नेमकं तेच "कशावरून" हवं असतं. घरात माणसं दोन आणि टोपलीत भाकरी सहा. मग ती कुणाची वाट बघत होती? पंचनामा सहा आकडा लिहून पुढे जातो. गोष्ट तिथेच बसकण मारते. माझी पहिली चाळीस पानं मी सुनेला वाचायला दिली. ती म्हणाली, "आई, सगळं समजलं, पण कुणाचंच काही वाटलं नाही." वाईट वाटलं. मग पानं परत चाळली तर प्रत्येक माणूस "सदर इसम" होऊन आला होता आणि मेलेली बाई सगळीकडे "मयत". तिला साधं नाव द्यायला मला तीन आठवडे लागले.

दुसरी अडचण वेळेची. खरा तपास म्हणजे वाट बघणं. रासायनिक तपासणीचा अहवाल यायला महिने जातात. मधे गणपतीचा बंदोबस्त येतो, निवडणूक येते, कुणा मंत्र्यांचा दौरा येतो, आणि तुमची केस कपाटात पडून राहते. मी हे सगळं इमानदारीने लिहून काढलं होतं, अगदी जावक क्रमांकासकट. सून झोपली वाचता वाचता. टीव्हीवर मात्र उलटं, तिकडे दया एका लाथेत दार तोडतो. ३३ वर्षांत मी एकही दार तोडलेलं नाही. शेजाऱ्यांना बोलवायचं, पंच घ्यायचे, कुलूपवाल्याला निरोप धाडायचा, तो जेवून येणार. लिहिणाऱ्याला या दोन्हींच्या मधून वाट काढावी लागते. वाट बघण्याचे आठ महिने एका वाक्यात आणायचे आणि कुलूपवाला येईपर्यंतची वीस मिनिटं चार पानं चालवायची. कारण त्या वीस मिनिटांत दाराबाहेर जी बाई उभी आहे, ती खरी गोष्ट आहे.

हे मी कुठून शिकले? अमेरिकेत जोसेफ वाँबॉ नावाचे लेखक होते. लॉस एंजेलिसच्या पोलिसात १९६० ते १९७४ होते, डिटेक्टिव्ह सार्जंटपर्यंत पोचले. त्यांची पहिली कादंबरी १९७१ साली आली, तेव्हा ते नोकरीतच होते. पुढे इतकं नाव झालं की पकडलेले आरोपीच त्यांना सही मागायला लागले. अशाने नोकरी कशी होणार? सोडली. त्यांचं एक म्हणणं माझ्या मनात घर करून बसलंय. पोलीस केसवर कसं काम करतात ही गोष्ट नव्हे, केस पोलिसावर कसं काम करते ती गोष्ट, असं ते सांगायचे. १९७३ सालचं त्यांचं 'द अनियन फील्ड' हे खऱ्या घटनेवरचं पुस्तक तसंच आहे. दोन पोलिसांचं अपहरण होतं, एक मारला जातो, दुसरा वाचतो. आणि पुस्तक त्या वाचलेल्याची नंतर कशी दुर्दशा झाली, ते सांगत राहतं.

हे समजल्यावर मला माझी गोष्ट कुठली, ते कळलं. खरं तर आधीच माहीत होतं, मी तिच्याभोवती फिरत होते.

सांगते. आत्ता सांगतानाही मी साल, गाव, घरातली माणसं सगळं बदललेलं आहे, त्यामुळे शोधायला जाऊ नका. एक तरुण बाई जळून दवाखान्यात आली. जगण्याची आशा नव्हती. अशा वेळी मृत्यूपूर्व जबाब घ्यावा लागतो. त्यासाठी नायब तहसीलदार येणार होते, आणि तोवर तिच्याजवळ माझी ड्यूटी लागली. पहाटे ती मला म्हणाली, "बाई, मी गेले तर माझी पोर कुणाकडे राहील?" मी उत्तर दिलं, "बापाकडंच की." नियमाचं उत्तर. विचार न करता दिलेलं. सकाळी साहेब आले, डॉक्टरांनी ती शुद्धीवर असल्याचं लिहून दिलं, आणि ती म्हणाली, स्टोव्हचा भडका उडाला. दुपारी गेली. आमच्या माणसांनी केलेल्या पंचनाम्यात स्टोव्ह फळीवर होता, पुसून ठेवलेला, टाकी कोरडी. मी वरिष्ठांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, जबाब आलाय ना? अकस्मात मृत्यू म्हणून कागद बंद झाला.

त्या पहाटेचा सवाल आणि माझं उत्तर कुठल्याच कागदात नाही.

मी पहिल्या वेळी हे जसंच्या तसं लिहिलं, फक्त नावं बदलली. सुनेने पहिलंच पान वाचलं आणि मान वर करून म्हणाली, "आई, हे कुणाचं आहे ते मला कळलं. ती मुलगीसुद्धा वाचेल की." ती मुलगी आता मोठी आहे. आई स्टोव्हने गेली, एवढंच तिला सांगितलेलं आहे. माझं मन मोकळं व्हावं म्हणून तिच्या आयुष्यात मी काय टाकणार होते? ती पानं मी फाडली नाहीत, पण बांधून माळ्यावर ठेवली.

मग दुसरी एक पोलीसबाई मदतीला आली. इंग्लंडमधल्या क्लेअर मॅकिन्टॉश. बारा वर्षं पोलिसात होत्या, २०११ साली बाहेर पडल्या. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीच्या काळात ऑक्सफर्डमध्ये चोरीच्या गाडीखाली नऊ वर्षांचा एक मुलगा गेला. चालवणारा पळाला. ते त्यांच्या मनातून गेलं नाही. पुढे त्यांचं स्वतःचं पाच आठवड्यांचं बाळ गेलं. 'आय लेट यू गो' ही त्यांची पहिली कादंबरी २०१४ साली आली आणि २०१६ साली तिला इंग्लंडमधला गुन्हेकथांचा मोठा पुरस्कार मिळाला. त्या यादीत हॅरी पॉटरच्या लेखिका रोलिंगबाई टोपणनावाने होत्या, त्यांना मागे टाकून. सून मला रोज संध्याकाळी त्यातलं थोडं मराठीत सांगायची. पुस्तकातलं मूल पाच वर्षांचं आहे, शहर ब्रिस्टल आहे, घर वेगळं, आई वेगळी. ऑक्सफर्डच्या त्या घरातलं काहीही नाही. उचललंय ते एवढंच, की मूल गेल्यावर माणूस कसा जगतो. आणि ते तर बाईंचं स्वतःचंच होतं. पुढचं कथानक सांगत नाही, तुम्ही वाचा.

कायद्याचंही सांगते, कारण तुमच्यात कुणी पोलीस पाटील असेल, कुणी होमगार्ड, कुणाच्या घरात शिपाई असेल. बलात्कारासारख्या गुन्ह्यातल्या पीडित बाईचं नाव, किंवा जिच्यावरून ती ओळखू येईल अशी कुठलीही खूण छापणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पूर्वी ते दंड विधानातलं कलम २२८ अ होतं, जुलै २०२४ पासून न्याय संहितेतलं ७२. बालकांच्या बाबतीत पॉक्सोचा वेगळा बंधनकारक नियम आहे. नोकरीत असाल तर लिहिण्याआधी सेवेचे नियम बघा आणि परवानगी घ्या. सरकारी कागदाची झेरॉक्स घरी नेऊन त्यावरून लिहिणं तर अजिबात नको. माझ्या त्या बाईच्या बाबतीत कायदा मला अडवत नव्हता, हेही खरं. तिथे अडवलं ते सुनेने.

आता मी सगळं नव्याने लिहितेय. गाव समुद्राकाठचं घेतलंय, जिथे मी कधी नोकरी केली नाही. स्टोव्ह नाही, जळणं नाही, मुलगीही नाही. माळ्यावरच्या पानांतलं एकच ठेवलंय. पहाटेची वेळ, खाटेवर एक बाई, शेजारी स्टुलावर खाकीतली दुसरी, आणि तो प्रश्न. एकशेदहा पानं झाली आहेत. रोज सकाळी चहानंतर दोन तास बसते, सून कामाला जायच्या आत मागची पानं तपासून देते.

फक्त ते प्रकरण राहिलंय. स्टुलावरच्या बाईने काय उत्तर द्यायचं, ते अजून ठरत नाही. चार वेळा लिहून पाहिलं. एकदा ती गप्प राहते. एकदा म्हणते, "तुझ्या आईला बोलावते." हे दुसरं मला आवडतं, पण पुढे मग सगळी कथाच बदलते. त्या बाईची आई येते, जबाब वेगळा होतो, खटला उभा राहतो, आणि मला पुन्हा सत्तर पानं नव्याने लिहावी लागतील. कागद आणून ठेवलाय.