हातातला गेम : कुलूपबंद की खुला?

दिवाळी किंवा वाढदिवस जवळ आला, की दहा-बारा वर्षांच्या मुलाची मागणी ठरलेली असते. फोन देत नाही, तर निदान हातातला गेम तरी घ्या! आईबाबा चौकशी करू लागतात आणि दोन जातींची यंत्रे समोर येतात. एक निन्टेंडो स्विच लाइटसारखे. नामांकित कंपनीचे, प्रत्येक गेम वेगळा विकत घ्यायचा. दुसरे मियू मिनी प्लस किंवा अ‍ॅनबर्निकच्या एखाद्या मॉडेलसारखे. तळहातावर मावणारे, किंमत पहिल्याच्या निम्म्याहून खूपच कमी आणि आतल्या कार्डात हजारो जुने गेम आधीच भरलेले. बाबा किंमत बघतात, मुलगा स्क्रीन बघतो. डोळे, अंगठे, झोप आणि मेंदू यांचा विचार त्या वेळी सहसा कुणाच्या मनात नसतो.

दुसऱ्या जातीचे यंत्र चालते ते एम्युलेटरवर. एम्युलेटर म्हणजे एखाद्या जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम. हौशी मंडळी कंपनीला न विचारता स्वतः जे गेम आणि प्रोग्रॅम लिहितात, त्यांना होमब्रू म्हणतात. आपल्याकडे नक्कल नवी नाही. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडून जे 'व्हिडिओ गेम' घरोघरी खेळले गेले, ते बहुतेक निन्टेंडोच्या यंत्राच्या नकलाच होत्या. पुढे २००४ मध्ये सोनीची पीएसपी आली. हौशी लोकांनी तिचे कुलूप तोडायचे आणि कंपनीने नवे बसवायचे, हा लपंडाव काही वर्षे चालला. आता तो खटाटोप उरला नाही, कारण मुळातच कुलूप नसलेली यंत्रे विकत मिळतात. (एम्युलेटर हा प्रोग्रॅम म्हणून बेकायदा नसला, तरी कार्डात भरून दिलेले बहुतेक गेम हे कॉपीराइटचा भंग करणारेच असतात, हेही माहीत असलेले बरे.)

आरोग्याच्या दृष्टीने या कुलपाला महत्त्व आहे. कंपनीच्या यंत्रात पालकांसाठी सोय असते. स्विचबरोबर फोनवर घ्यायचे एक अ‍ॅप आहे. त्यात रोजची वेळ ठरवता येते, झोपेची वेळ घालता येते, आणि वेळ संपल्यावर गेम आपोआप थांबेल असेही करता येते. गेमच्या डब्यावर वयाचा शिक्का असतो. खुल्या यंत्रांत असे काही सहसा नसतेच. कार्डातले हजारो गेम कुणी वयानुसार निवडलेले नसतात. जुन्या आर्केड यंत्रांच्या संचात प्रौढांसाठीचे गेमही मिसळलेले असू शकतात. कार्ड मुलाच्या हाती देण्याआधी एक रविवार खर्च करून ते चाळावे आणि वीस-पंचवीस गेम ठेवून बाकीचे काढून टाकावेत. मुलालाही हजार गेमपेक्षा वीस गेम जास्त खेळता येतात.

पण कुलूप ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे गळही आहे. आजच्या अनेक व्यावसायिक गेमना शेवट नसतो. रोज हजेरी लावली की बक्षीस, चुकली की नुकसान. पैसे देऊन उघडायच्या पेट्या, ज्यांत काय निघेल ते नशिबावर. या पेट्यांच्या काही प्रकारांना बेल्जियमने २०१८ मध्ये सरळ जुगार ठरवले. शिवाय ऑनलाइन सामना मध्येच थांबवता येत नाही. "आई, पाच मिनिटं, मॅच संपू दे" हे वाक्य दरवेळी बहाणाच असते असे नाही. खरोखरच तो गेम तसा बांधलेला असतो.

१९९० चा मारिओ यातले काही करत नाही. त्याला शेवट आहे. टेट्रिसला शेवट नाही, पण डाव आहे. डाव संपला की हात रिकामे. आणि एम्युलेटरमध्ये खेळ कोणत्याही क्षणी गोठवून ठेवता येतो, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. त्यामुळे जेवायला हाक मारल्यावर उठायला अडचण राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश आहे. ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याची व्याख्या किती तास खेळले यावर नाही. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा गेमला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, असे साधारण वर्षभर चालले तर तो आजार. ताबा सुटायला मदत करणारी रचना जुन्या गेममध्ये कमी आहे. खुल्या यंत्राचा सर्वांत मोठा गुण हाच, आणि तो किमतीपेक्षा मोठा आहे.

आता ज्या बाबतीत खुले यंत्र सावधपणे वापरावे लागते, ती गोष्ट. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी जपानमध्ये पोकेमॉन मालिकेच्या एका भागात लाल आणि निळा रंग सेकंदाला सुमारे १२ वेळा आलटून पालटून चमकला. हे दृश्य काही सेकंदांचेच होते. त्या रात्री ६८५ जणांना, बहुतेक मुलांनाच, रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतल्या अनेकांना त्याआधी कधी झटका आलेला नव्हता. अपस्मार, म्हणजे बोलीभाषेत फिट किंवा मिरगी. त्याच्या शंभर रुग्णांपैकी साधारण तीन ते पाच जणांचा मेंदू चमकत्या प्रकाशाला असा प्रतिसाद देतो, आणि मुले व किशोर यांत हे प्रमाण जास्त असते. सेकंदाला तीनपेक्षा जास्त चमका धोक्याच्या, १५ ते २५ सर्वांत जास्त.

मोठ्या कंपन्या आपल्या यंत्राबरोबर याचा इशारा छापतात आणि अनेक जण आता गेम बाजारात आणण्याआधी चमकांची तपासणी करून घेतात. तरी चुका होतात. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' खेळताना एका अमेरिकन समीक्षक महिलेला झटका आला, तिने ते जाहीरपणे लिहिले आणि कंपनीने काही दिवसांत ते दृश्य बदलले. व्यावसायिक गेममध्ये अशी दुरुस्ती इंटरनेटवरून घरोघरी पोहोचते. १९९२ च्या गेमची दुरुस्ती कोण करणार?

इथे एक तांत्रिक गंमत आहे, जी डॉक्टरांच्याही सहसा लक्षात येत नाही. १९८९ च्या गेम बॉयचा पडदा फार मंद होता. चित्र पुसायला वेळ लागायचा, त्याची छाया मागे राहायची. गेम लिहिणाऱ्यांनी या दोषाचाच उपयोग करून घेतला. एखादी आकृती धूसर, पारदर्शक दाखवायची असेल तर ती एका चौकटीत काढायची, पुढच्या चौकटीत काढायची नाही. सेकंदाला साठ चौकटी, म्हणजे तीस वेळा दिसणे-नाहीसे होणे. मंद पडद्यावर डोळ्याला ती सावली वाटायची. तोच गेम आजच्या तल्लख, मागून उजेड असलेल्या पडद्यावर एम्युलेटरमधून चालवला, की सावली नाहीशी होते आणि लुकलुक उघडी पडते. अनेक एम्युलेटरांत ती पुसट करण्याची सोय आहे. 'इंटरफ्रेम ब्लेंडिंग' किंवा 'एलसीडी घोस्टिंग' अशा नावाने ती सेटिंगमध्ये सापडते. ती चालू करावी. याहून महत्त्वाचे म्हणजे गेम पळवण्याचे बटण. 'फास्ट फॉरवर्ड' चौपट केले, तर सेकंदाला दोनदा चमकणारे निरुपद्रवी दृश्य आठदा चमकू लागते. ज्या मुलाला पूर्वी फिट आली आहे, त्याच्या यंत्रात हे बटण बंदच ठेवावे.

यावरून ही यंत्रे झटके आणतात असा अर्थ काढू नये. लुकलुकणारा भाग बहुधा एका लहानशा आकृतीपुरता असतो, आणि साडेतीन इंची पडदा नजरेचा थोडाच भाग व्यापतो. लहान पडदा हे इथे संरक्षणच आहे. पण ते संरक्षण यंत्र हातभर लांब असेपर्यंतच. अंथरुणात, दिवे घालवून, नाकाजवळ धरून, झोप अपुरी असताना खेळले तर ते संपते. चमक असह्य वाटली तर नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतून उजेड आत जातो. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा आणि तोंड फिरवावे. फिट आलीच तर मुलाला कुशीवर वळवावे. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा घालू नये. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालय.

अंगठ्याची कथा जुनी आहे. १९९० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका अमेरिकन डॉक्टरांचे छोटे पत्र छापून आले. त्यांची रुग्ण ३५ वर्षांची. मुलाला नाताळात मिळालेला निन्टेंडो तिने सलग पाच तास खेळला आणि उजवा अंगठा दुखून बेजार झाली. डॉक्टरांनी आजाराला 'निन्टेंडिनायटिस' असे नाव दिले. मनगटाजवळ अंगठ्याच्या मुळाशी टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, एका अरुंद नळीतून जातात. तिथे सूज आली की अंगठा हलवताना कळ येते. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांना हाच त्रास होतो.

यात दोन्ही जातींचे दोष वेगळे आहेत. छोटी खुली यंत्रे हलकी, दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमची. पण उभ्या आकाराच्या यंत्रात दोन अंगठे जवळजवळ येऊन दुमडतात आणि मनगटे बाहेरच्या बाजूला वाकतात. मुलांच्या हाताला ती बसतात, बाबांच्या नाही. स्विच लाइट २७५ ग्रॅमची, आडवी, हात मोकळे ठेवणारी. स्टीम डेक हे यंत्र तर दोन्ही कामे करते, विकतचे गेमही आणि एम्युलेटरही. पण पहिल्या मॉडेलचे वजन ६६९ ग्रॅम आहे. ते मांडीवर उशी घेऊन, कोपरे टेकवूनच खेळण्याचे यंत्र आहे. एम्युलेटरची एक बाजू इथे उजवी ठरते. बटणांच्या जागा बदलता येतात, आणि जिथे बटण सेकंदाला पाच-सहा वेळा दाबावे लागते तिथे 'टर्बो' लावता येतो. हाताला अपंगत्व असलेल्यांना किंवा संधिवाताच्या रुग्णांना याचा मोठा आधार होतो. दुखू लागले की थांबावे, हे मात्र कोणत्याही यंत्राच्या सेटिंगमध्ये नाही.

डोळ्यांबाबत दोघांत फारसे डावे-उजवे नाही. टीव्हीसाठी बनवलेल्या नव्या गेममधली अक्षरे साडेपाच इंची पडद्यावर बारीक होतात आणि मुले यंत्र जवळ ओढतात. जुन्या गेमची ढोबळ अक्षरे वाचायला सोपी पडतात. मायनस नंबर रोखायचा तर खरा उपाय घराबाहेर आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा बाहेर ठेवले. तीन वर्षांनी त्यांच्यातील शंभरात सुमारे ३० मुलांना मायोपिया झाला होता, इतर शाळांत सुमारे ४० मुलांना.

ही यंत्रे औषधासारखीही वापरली गेली आहेत. न्यू जर्सीत २००६ च्या एका अभ्यासात शस्त्रक्रियेला नेण्याआधी ४ ते १२ वर्षांच्या मुलांच्या हाती असा गेम दिला, तर त्यांची भीती गुंगीच्या औषधापेक्षाही कमी राहिली. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. बालशल्य विभागात एखादे जुने, इंटरनेट नसलेले यंत्र चालते. बायर कंपनीने २०१० मध्ये अमेरिकेत 'डिजेट' हा साखर मोजण्याचा मीटर आणला. मधुमेही मुलाने नियमित रक्त तपासले, की निन्टेंडो डीएसमधल्या गेममध्ये गुण मिळायचे. मीटर डीएसच्या एका खाचेत बसे. पण निन्टेंडोने त्याआधीच आणलेल्या डीएसआय मॉडेलमधून ती खाच काढून टाकलेली होती, त्यामुळे त्यात हा मीटर बसतच नव्हता. कुलूपबंद यंत्रावर उपचार उभारण्यातला हा धोका आहे.

शेवटी बॅटरी. आपल्याकडे लिथियम सेलना बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. परदेशातून परस्पर मागवलेल्या स्वस्त यंत्रावर तो शिक्का असेलच असे नाही. अशी अनेक यंत्रे लॅपटॉपच्या किंवा नव्या फोनच्या चार्जरवर नीट चार्ज होत नाहीत. त्यांना साधा पाच व्होल्टचा चार्जर वापरावा, आणि रात्रभर उशीखाली लावून ठेवू नये. मागचे झाकण फुगलेले, वर आलेले दिसले तर यंत्र लगेच बंद करावे, पुन्हा चार्ज करू नये, टोचू-दाबू नये. ते कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावे. जुन्या कार्ट्रिजमध्ये खेळ साठवण्यासाठी नाण्यासारखा बटण-सेल असतो. घरात तान्हे मूल असेल आणि दादा कार्ट्रिज उघडून बसला असेल, तर तो सेल आधी उचलून ठेवावा. गिळलेला लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत तिला भाजून काढू शकतो.