वायुरायफल
वायुरायफल : दाबलेल्या हवेच्या वा अन्य वायूच्या प्रसरणाने छर्रा फेकणारी, नळीच्या आतील बाजूस सर्पिल खाचा असलेली बंदूक. हिच्यात दारूचा वापर होत नाही. त्यामुळे ज्वाला, धूर व मोठा आवाज उत्पन्न होत नाही आणि नळीही फारशी तापत नाही. नेमबाजीचे प्राथमिक शिक्षण बहुधा याच साधनावर दिले जाते. तथापि वायुरायफल म्हणजे खेळणे हा समज चुकीचा आहे. जवळून लागलेल्या छर्ऱ्याने डोळा कायमचा जाऊ शकतो.

वायूच्या दाबावर चालणारी शस्त्रे जुनी आहेत. ऑस्ट्रियाच्या सैन्यात अठराव्या शतकाच्या अखेरीस जिरार्दोनी याने तयार केलेली वायुरायफल काही काळ वापरात होती. तिचा दस्ता हीच हवेची टाकी असे व ती हातपंपाने भरावी लागे. टाक्या भरण्याचे श्रम आणि नाजूक झडपा यांमुळे हे शस्त्र मागे पडले. विसाव्या शतकात मात्र बंदिस्त जागेत, कमी खर्चात सराव करण्याचे साधन म्हणून वायुरायफलीस पुन्हा महत्त्व आले. १० मी. वायुरायफल स्पर्धेचा समावेश ऑलिंपिकमध्ये १९८४ च्या लॉस अँजेल्स येथील सामन्यांपासून झाला.

शक्तिस्रोताच्या दृष्टीने वायुरायफलींचे तीन मुख्य प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात नळी वा तरफ मोडून एक जोरकस स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच स्प्रिंग दट्ट्यास पुढे ढकलते आणि दट्ट्यापुढील हवा दाबली जाऊन छर्रा सुटतो. ही रचना स्वस्त व टिकाऊ असून भारतातील शाळा-महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्या तिच्यावरच शिकल्या. तिचा मोठा दोष असा, की छर्रा नळीबाहेर पडण्यापूर्वीच जड दट्ट्याच्या हालचालीने सबंध रायफल हादरते. दुसऱ्या प्रकारात तरफेच्या एकाच हेलकाव्याने हवा एका लहान कोठीत दाबून ठेवली जाते व चाप ओढल्यावर केवळ झडप उघडते. तिसऱ्या प्रकारात नळीखाली बसविलेल्या नळकांड्यात हवा आधीच सु. २०० बार दाबाने भरलेली असते व प्रत्येक बारास तिचा अल्पसा भाग नियंत्रकातून सोडला जातो. आजच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील रायफली जवळजवळ सर्व या तिसऱ्या प्रकारच्या असतात. त्यांत धक्का नगण्य असतो.

स्पर्धेच्या रायफलीचा व्यास ४·५ मिमी. (०·१७७ इंच) व कमाल वजन ५·५ किग्रॅ. ठरविलेले आहे. शिशाचा छर्रा (पेलेट) मध्यभागी आवळलेला, सु. अर्धा ग्रॅम वजनाचा असतो व तो सेकंदास सु. १७० मी. वेगाने सुटतो. त्याची ऊर्जा सात-आठ जूलच भरते. लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा ०·५ मिमी. व्यासाचा आणि सबंध गुणक्षेत्र ४५·५ मिमी. व्यासाचे असते. मागचा व पुढचा दृष्टिवेध यांत सु. ७५ सेंमी. अंतर आहे असे धरल्यास, त्यांच्या परस्परस्थितीत मिलिमीटरच्या एक-पंचमांश एवढा फरक पडताच छर्रा लक्ष्यावर सु. अडीच मिमी. बाजूस जातो. रायफलीच्या प्रत्येक भागाची निवड व जुळणी या हिशेबाने करावी लागते.

नवशिक्याचा खर्च वाढतो तो बहुधा भागांचा क्रम चुकल्यामुळे. अचूकतेचा उगम नळी व छर्रा यांच्या मेळात असतो. एकाच कारखान्याच्या, परंतु निरनिराळ्या उत्पादनगटांतील छर्ऱ्यांच्या डोक्याच्या व्यासात मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा फरक आढळतो. एका नळीस जो गट मानवतो तो दुसरीस मानवेलच असे नाही. म्हणून रायफल शिकंज्यात पक्की बसवून निरनिराळ्या गटांचे छर्रे झाडून पाहतात व ज्याची छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतात तो गट निवडतात. या चाचणीस फारसा पैसा लागत नाही, आणि तरीही ती वगळली जाते.

त्यानंतरचे महत्त्व दस्त्याचे. स्पर्धेत उभे राहून नेम धरावयाचा असल्याने रायफलीचा भार स्नायूंनी न पेलता हाडांच्या सांगाड्यावर यावा लागतो. त्याकरिता खांद्यास टेकणारी बट प्लेट मागेपुढे व वरखाली सरकणारी, आणि गालाची पट्टी उंचीस जुळविता येणारी असावी. लाकडी अखंड दस्त्याच्या जुन्या रायफलीसही या दोन गोष्टी मागाहून बसविता येतात. महागड्या ॲल्युमिनियमच्या दस्त्याचा बराचसा लाभ त्यातून मिळतो. डोके वाकवून डोळा दृष्टिवेधापाशी न्यावा लागत असेल, तर दस्ता त्या व्यक्तीचा नव्हे असे समजावे. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत ही मापे वारंवार तपासावी लागतात.

मागच्या बाजूस बारीक छिद्राचा डायॉप्टर व पुढे वर्तुळाकार माशी अशी दृष्टिवेधाची रचना असते. दुर्बिणीस स्पर्धेत परवानगी नाही. पुढील वर्तुळ फार लहान घेण्याची चूक नवशिके हमखास करतात. काळ्या लक्ष्याभोवती पांढरी कड स्पष्ट दिसेल इतके ते मोठे हवे, अन्यथा डोळा थकतो. चाप दोन टप्प्यांचा असतो : पहिला टप्पा सैल प्रवासाचा, दुसऱ्यात बार सुटतो. चापाचा ताण फार हलका ठेवण्याचा मोह टाळणेच बरे.

वापरलेली रायफल घेताना हवेच्या नळकांड्यावरील तारीख पाहणे अत्यावश्यक ठरते. उच्च दाबाच्या नळकांड्यांना उत्पादकाने ठरविलेली वयोमर्यादा असते व ती उलटलेले नळकांडे वापरल्यास स्फोटाचा धोका संभवतो. स्वस्तात मिळालेल्या रायफलीस नवे नळकांडे घ्यावे लागले, की व्यवहारातील बचत पुष्कळशी संपते. जाड कापडाचा अंगरखा, विजार, हातमोजा व बूट यांचा खर्चही आरंभी हिशेबात धरला जात नाही.

सुट्या भागांतून बंदूक उभी करण्याच्या प्रश्नाला कायद्याची बाजू आहे. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यान्वये बंदुकीचा मुख्य सांगाडा हाच कायद्याच्या दृष्टीने बंदूक मानला जातो. नळी, दस्ता इ. भाग मोकळेपणाने विकत मिळतात व त्यामुळे हौशी लोकांनी घरी रायफल जुळविण्याची प्रथा तेथे रूढ झाली. भारतातील १९५९ च्या शस्त्र अधिनियमात मात्र शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग व ते बनविण्याची यंत्रसामग्री यांचा समावेश आहे. दारूवर चालणारी रायफल परवान्याविना बनविणे वा जुळविणे हा गंभीर गुन्हा असून २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास किमान सात वर्षे ते आजन्म कारावासाची शिक्षा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ०·१७७ इंचापर्यंत व्यासाच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या वायुरायफलीस परवाना लागत नाही. तिची ऊर्जा या मर्यादेपलीकडे वाढविणे हे जुळणीच्या कक्षेत येत नाही. गालपट्टी, डायॉप्टर, वजने बदलण्यास मात्र हरकत नाही, आणि भारतीय नवशिक्याची ‘जुळणी’ वस्तुतः एवढीच असते.

भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. तिच्या स्थापनेत लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर यांचा पुढाकार होता. त्यांच्या नावाने आजही स्पर्धा भरते. महाराष्ट्रात मुंबईतील वरळी, पुण्याजवळील बालेवाडी व कोल्हापूर ही या खेळाची केंद्रे होत. राष्ट्रीय छात्रसेनेतून आलेल्या अंजली भागवत यांनी सिडनी येथील २००० च्या ऑलिंपिकमध्ये वायुरायफलीची अंतिम फेरी गाठली. सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये ४०० पैकी ४०० गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली व पुढे त्या मार्गदर्शक झाल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या. ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील यांनी २०२२ मध्ये कैरो येथे १० मी. वायुरायफलीचे विश्वविजेतेपद मिळविले, तर राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक पटकाविले. कुसाळे यांचे प्राथमिक शिक्षण राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून झाले. अशा संस्था व क्लब आपल्या मालकीच्या रायफली सरावास देतात, आणि स्वतःची रायफल घेण्यापूर्वी काही महिने त्यांवर सराव केल्यास दस्त्याचे व बट प्लेटचे योग्य माप खरेदीआधीच कळून येते. छर्रा न घालता केलेला कोरडा सराव हाही शिक्षणाचा मोठा भाग होय. अनेक प्रशिक्षक प्रारंभीच्या काळात प्रत्यक्ष बारांपेक्षा त्यावरच अधिक भर देतात. मात्र अशा सरावासाठी रायफलीत कोरड्या चापाची स्वतंत्र सोय हवी. स्प्रिंगच्या रायफलीत रिकामा बार सोडल्यास दट्ट्या पुढच्या भिंतीवर आदळून तिची हानी होते.