दातेरी सुरीची धार

पात्याला दाते असावेत, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. विळीच्या टोकाशी असलेली नारळाची खवणी, सुताराची करवत आणि शेतकऱ्याचा दातेरी विळा ही तिची परिचित उदाहरणे होत. पाव कापावयाची दातेरी सुरी त्याच कुळातील आहे. ती एकदा बोथट झाली की तिला पुन्हा धार लावता येत नाही, असे समजून पुष्कळ लोक ती टाकून देतात. हा समज बरोबर नाही.

प्रथम तिची रचना पाहू. या सुरीचे दाते बहुधा पात्याच्या एकाच बाजूस घडविलेले असतात. दुसरी बाजू सपाट असते. हाताचा जोर दात्यांच्या टोकांवर एकवटतो. त्यामुळे पावाचा कडक पापुद्रा किंवा टोमॅटोची गुळगुळीत साल सहज भेदली जाते आणि मग दोन दात्यांमधील खाचांची धार कापण्याचे काम करते. फळीवरील आघात टोके सोसतात व खाचा सुरक्षित राहतात. म्हणूनच या सुरीची धार पुष्कळ दिवस टिकते.

साध्या सुरीप्रमाणे ही सुरी सपाट दगडावर घासली, तर दगड केवळ टोकांना लागतो. दाते झिजतात आणि खाचा बोथटच राहतात. यासाठी खाचेत नेमके बसेल असे साधन हवे. हिऱ्याची पूड बसविलेली निमुळती गोल सळई उत्तम. ती नसल्यास योग्य जाडीच्या लाकडी काडीला बारीक पॉलिशकागद गुंडाळावा. त्यावर बहुधा कुरुंदाचे कण असतात. काठिण्याच्या मोज मापनात हिऱ्याचा क्रमांक १० व कुरुंदाचा ९ आहे. पोलाद त्यांहून मऊ असल्यामुळे ते घासले जाते.

आता कृती. मेजावर जाड फळी ठेवून तिच्या पलीकडच्या कडेवर सुरी आडवी ठेवावी. दात्यांची उतरती बाजू वर, पाठ आपल्याकडे आणि धार फळीबाहेर असावी. सळई खाचेतील मूळ उतारावर टेकवून पाठीकडून धारेकडे चार-सहा वेळा हलकेच न्यावी. उतार बदलू नये. सपाट बाजूस धातूची सूक्ष्म कोर जाणवू लागली, की पुढची खाच घ्यावी. सर्व खाचा झाल्यावर सपाट बाजू बारीक दगडावर जवळजवळ आडवी ठेवून एक-दोनदा अलगद फिरवावी, म्हणजे ती कोर निघून जाते. शेवटी सुरी धुऊन पुसावी. मुलांनी हे काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच करावे.

बोथट सुरीवर अधिक जोर द्यावा लागतो. त्यामुळे ती निसटून हातास इजा होण्याचा संभव वाढतो. धारदार सुरी थोडक्या जोराने हाताच्या ताब्यात राहते. हत्याराचा स्वभाव ओळखून त्याची निगा राखली, तर ते दीर्घकाळ आपली सेवा करते.