हिरवळीवरचे यंत्र थांबविताना

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला औत सोडण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बैलांच्या मानेवरचे जू उतरले म्हणजे दिवसाचे काम संपले, असे त्या घरात कोणी मानीत नाही. घामाघूम झालेल्या जनावरांना सावलीत उभे करावयाचे, त्यांची धाप बसू द्यावयाची, मग पाणी दाखवावयाचे, आणि औतफाटा जागच्या जागी ठेवावयाचा. एवढे झाले म्हणजे औत सुटले. यंत्राच्या बाबतीत मात्र आपल्याला ह्या शहाणपणाचा विसर पडतो. कळ फिरविली, आवाज बंद झाला, की यंत्र थांबले अशी आपली समजूत असते. ती किती अपुरी आहे, हे मला बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत, गवत कापण्याच्या एका लहानशा यंत्रापाशी उभे असताना उमगले.

होसूर रस्त्यावर, कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर ह्या गावांच्या शिवारात, कर्नाटक सरकारच्या ‘केऑनिक्स’ ह्या मंडळाने १९७८ साली सुमारे ३३२ एकरांवर ही वसाहत वसविली. मंडळाचे त्या वेळचे प्रमुख आर. के. बालिगा यांची ती कल्पना. आज तेथे संगणकाच्या कामावर असलेल्या मराठी कुटुंबांचीही बरीच वस्ती आहे, आणि मुलाकडे चार महिने राहावयास गेलेले माझ्यासारखे आजोबा सकाळी तेथल्या बागांतून फिरताना दिसतात. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. तेथे नैर्ऋत्येचा पाऊस पडतो, आणि परतीच्या दिवसांतही पावसाच्या सरी येतात. त्यामुळे मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत हिरवळ सारखी वाढत असते, आणि आवारांतून पेट्रोलवर चालणारी यंत्रे घरघरत असतात.

अशाच एका सकाळी माळ्याने यंत्र बंद केले, आणि मी कुतूहलाने त्याच्या पोटाखाली वाकून पाहू लागलो. त्याने हात आडवा धरून मला मागे सारले आणि कानडीत म्हटले, “स्वल्प ताळि, सार.” म्हणजे, जरा धीर धरा. ‘स्वल्प’ शब्द आपल्याही परिचयाचा आहे. धीराचा अर्थ मात्र त्यानंतरच्या दहा मिनिटांत त्याच्या हातांनी मला शिकविला.

गवत कापण्याचे पहिले यंत्र इंग्लंडातील ग्लॉस्टरशरमध्ये एडविन बडिंग याने १८३० साली तयार केले. कापडाची लव कातरून ते गुळगुळीत करणाऱ्या गिरणीच्या यंत्रावरून त्याला ही युक्ती सुचली होती. ते यंत्र माणूस ढकलीत असे. माणूस थांबला की पातीही थांबत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यावर पेट्रोलचे एंजिन बसले, आणि माणसाचे थांबणे व यंत्राचे थांबणे ह्या दोन निराळ्या गोष्टी झाल्या. बंद केलेल्या एंजिनात तीन गोष्टी शिल्लक राहतात: गती, उष्णता आणि इंधन. ह्या तिघींचा निरोप नीट घेतला म्हणजेच यंत्र खऱ्या अर्थाने थांबते.

प्रथम गतीचा विचार करू. यंत्राच्या पोटाखालचे पाते अर्धा मीटर लांब असेल आणि मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे २८० किलोमीटर होतो. आवाज मावळला तरी हे पाते क्षणार्धात थांबत नाही. म्हणूनच अमेरिकेत १९८२ पासून हाताने चालविण्याच्या अशा यंत्रांना नियम लागू झाला की, मुठीजवळचा दांडा सोडताच पाते तीन सेकंदांच्या आत थांबले पाहिजे. आपल्याकडे येणाऱ्या पुष्कळ यंत्रांनाही असा दांडा असतो. परंतु तो सतत दाबून धरावा लागतो म्हणून काही ठिकाणी दोरीने बांधून ठेवलेला दिसतो. पाय घसरला, हात सुटला, तर यंत्राने आपोआप थांबावे, ह्यासाठी जी सोय केली तीच बांधून टाकणे, ह्याइतका महागडा आराम दुसरा नसेल. अशी दोरी दिसली, तर ती सोडावयास सांगणे हे बागेच्या मालकाचे काम आहे; मजुरीवर आलेला माणूस स्वतःच्या बोटांची किंमत मालकापाशी बोलून दाखवील, अशी अपेक्षा धरू नये.

पाते थांबले तरी धोका संपत नाही, आणि ह्याचे कारण एंजिनाच्या रचनेत आहे. विहिरीवरचे डिझेलचे एंजिन आपल्या ओळखीचे आहे. पुण्याच्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्सची स्थापना १९४६ साली झाली, आणि तेव्हापासून असली एंजिने महाराष्ट्राच्या मळ्यांतून धडधडत आली आहेत. त्या एंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेतच डिझेल पेटते, म्हणून ते बंद करावयाचे तर डिझेल तोडावे लागते. पेट्रोलच्या लहान एंजिनात मात्र ठिणगी लागते, आणि बंद करण्याची कळ फिरविली की ती ठिणगी तोडली जाते. ही ठिणगी बहुधा कोणत्याही बॅटरीतून येत नाही. फिरत्या जड चाकावर लोहचुंबक बसविलेले असतात. ते तारेच्या वेटोळ्याजवळून वेगाने गेले की वीज निर्माण होते. बंद करण्याची कळ त्या विजेला दुसरी वाट काढून देते, एवढेच. समजा, ती कळ नीट बसली नाही, किंवा तिची तार तुटली, आणि पात्यात अडकलेले गवत काढण्यासाठी कोणी हाताने पाते फिरविले. पात्याबरोबर चाक फिरते, चाकाबरोबर चुंबक, आणि आत पेट्रोलची वाफ असेल तर एखादी ठिणगी एंजिनाला पुन्हा एक हिसका देऊ शकते. बोटे जाण्यास तेवढा एक फेरा पुरतो. म्हणून पात्याला हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगवरची टोपी ओढून काढावी आणि प्लगपासून दूर ठेवावी. माझ्या ओळखीच्या त्या माळ्याने हे काम अगदी सवयीने केले. आता विजेवर व बॅटरीवर चालणारी यंत्रेही बागांतून आली आहेत; त्यांतही पाते हाताळण्याआधी बॅटरी काढणे, किंवा तारेचा प्लग सॉकेटमधून उपसणे, हाच नियम आहे.

दुसरी गोष्ट उष्णता. ही एंजिने हवेने थंड होतात. जड चाकावरच पंख्याची पाती असतात, आणि ती सिलिंडरभोवतीच्या कल्ल्यांवरून वारा नेतात. भर वेगात, गवत कापता कापता एंजिन एकदम बंद केले, तर पंखाही त्याच क्षणी बंद पडतो आणि साचलेली उष्णता आतल्या आत कोंडते. शिवाय ठिणगी तुटल्यावरही काही फेऱ्यांपर्यंत दट्ट्या पेट्रोल ओढीतच असतो. ते न जळता तापलेल्या सायलेन्सरमध्ये जाते आणि कधी कधी तेथे फट् असा आवाज करून पेट घेते. म्हणून शेवटचा पट्टा कापून झाला की यंत्र मोकळ्या, सपाट जागी आणावे, वेग कमी करावा, आणि अर्धा ते एक मिनिट एंजिन मंद चालू द्यावे. बैलाची धाप बसू देणे ते हेच. ज्या यंत्रांना वेग कमी करण्याची सोय नसते, ती निदान गवताबाहेर थोडा वेळ भाररहित चालू द्यावीत. चोक ओढून एंजिन गुदमरवून बंद करण्याची काही जणांना खोड असते, ती सोडावी. त्यामुळे पेट्रोल प्रमाणाबाहेर आत ओढले जाते आणि आगीला आमंत्रण मिळते.

एंजिन थांबल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करावा, आणि यंत्र तापलेले असताना टाकीत पेट्रोल ओतू नये. पेट्रोलची वाफ शून्य अंशाच्या कितीतरी खालीही पेट घेऊ शकते, आणि ती हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते. अशा वेळी यंत्राशेजारी विडी ओढणे किंवा ते तापलेलेच बंद खोलीत, गॅसच्या शेगडीजवळ लोटणे म्हणजे सर्व घराला संकटात घालणे होय. वाळलेल्या गवताच्या ढिगावरही तापलेले यंत्र उभे करू नये.

निवाल्यावर त्याचे पोट साफ करावे. ओले गवत पत्र्याला चिकटून राहिले की गंज चढतो. यंत्र आडवे करावयाचे तर कार्ब्युरेटर आणि हवेची गाळणी वरच्या अंगाला राहील असे करावे. उलट केले तर तेल गाळणीत आणि सिलिंडरात उतरते, व दुसऱ्या दिवशी पांढरा धूर ओकीत यंत्र आपली तक्रार सांगते. सफाई झाल्यावर सुरू करण्याची दोरी, टोपी काढलेलीच ठेवून, हळूच ओढावी आणि जड लागली की तेथेच थांबावे. त्या स्थितीत सिलिंडराच्या दोन्ही झडपा मिटलेल्या असतात, आणि पावसाळ्याची दमट हवा आत शिरत नाही.

तिसरी गोष्ट इंधन. हिचा परिणाम ताबडतोब न दिसता महिन्यांनी दिसतो. बंगळुरात डिसेंबर ते मार्च हिरवळ फारशी वाढत नाही, आणि यंत्र कोपऱ्यात पडून राहते. कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उडून जाते, मागे चिकट राळ उरते, आणि मिलिमीटरभरही रुंद नसलेले छिद्र ती बुजवून टाकते. आजच्या पेट्रोलमुळे ह्यात आणखी भर पडली आहे. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. उसापासून व धान्यापासून होणारे हे इथेनॉल आपल्या साखर कारखान्यांना मोठा आधार आहे. पण ते हवेतले पाणी शोषून घेते, आणि पाणी अधिक झाले की पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. तेव्हा आपल्या एंजिनाला किती इथेनॉल चालते हे त्याच्या पुस्तिकेत पाहावे, लागेल तेवढेच पेट्रोल आणावे, आणि यंत्र महिना-दोन महिने पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करून, मग उघड्यावर एंजिन चालू करून, कार्ब्युरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत ते चालू द्यावे. असे केले नाही, तर उन्हाळ्याच्या अखेरीस पहिल्या वळवानंतर दोरी ओढता ओढता खांदा निखळावयाची वेळ येते. त्या दुरुस्तीचा खर्च मालकाचा असला, तरी खाडा माळ्याचा पडतो.

कर्नाटकात आयुधपूजेला आणि आपल्याकडे खंडेनवमीला यंत्रांना हळदकुंकू वाहतात, झेंडूच्या माळा घालतात. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्या बागेतही गवताच्या यंत्राला त्या दिवशी माळ पडते. पण मला आठवतो तो माळी रोजचा. यंत्र निवण्याची वाट पाहत तो झाडाच्या सावलीत बसे, मग टोपी काढून ठेवी, लाकडाच्या पट्टीने गवत खरवडी, शेवटी कॉक पुन्हा एकदा चाचपून पाही. ह्या सर्वाला दहा मिनिटेही लागत नसत. आपल्या आवारात हे यंत्र चालत असेल, तर ते बंद झाल्यावर माळ्याला दुसऱ्या कामासाठी लगेच हाक मारू नका. ती दहा मिनिटे त्याच्या कामातलीच आहेत.