गाडी छोटी, धूळ मात्र खरी

घरात नवी गाडी आली की आपण काय करतो? हळदीकुंकू वाहतो, नारळ फोडतो, लिंबू-मिरची बांधतो आणि मग रोज सकाळी फडकं मारतो. महिनाभर तरी सीटवरचं प्लॅस्टिकही कुणाला काढू देत नाही. पण मैत्रिणींनो, जगात अशीही माणसं आहेत, जी तळहाताएवढी गाडी पंधरा दिवस खपून तयार करतात, तिला चकचकीत रंग देतात आणि पुढचे पंधरा दिवस तीच गाडी मळवण्यात घालवतात! दाराखाली गंज, चाकांवर चिखल, टपावर उन्हानं उडालेला रंग, काचेवर वायपरनं पुसलेली अर्धगोल जागा. हे सगळं हातानं, बारीक ब्रशनं. या छंदाला म्हणतात स्केल मॉडेलिंग, आणि मळवण्याच्या कलेला म्हणतात वेदरिंग. सोप्या मराठीत सांगायचं तर ऊन-पाऊस खाल्लेली गाडी करणं.

ऐकायला वेडेपणा वाटतो. पण आपल्यालाही तो नवा नाही. भातुकलीतली पितळी चूल, इवलीशी पळी, बोटाएवढी कढई आपण मांडलीच होती ना? दिवाळीत मुलं मातीचा किल्ला करतात, त्यावर मोहरी पेरून हिरवळ उगवतात. भाद्रपदात आपल्या खानदेशात भुलाबाई बसते, तिच्यापुढे केवढी आरास असते! मोठ्या जगाचं छोटं रूप करून ते जवळून न्याहाळायचं, ही हौस आपल्या रक्तातच आहे. फक्त भातुकली मुलींची आणि मोटारी मुलांच्या, अशी वाटणी कुणीतरी कधीतरी करून टाकली.

मापाचं गणित

साधी खेळण्यातली गाडी आणि स्केल मॉडेल यांत फरक असतो तो मापाचा. १:२४ म्हणजे खऱ्या गाडीचे २४ सेंटीमीटर इथे एका सेंटीमीटरमध्ये. आपली मारुती ८०० साधारण ३३३ सेंटीमीटर लांब होती. १:२४ मध्ये ती जवळपास १४ सेंटीमीटर होते, १:४३ मध्ये पावणेआठ आणि १:६४ मध्ये जेमतेम सव्वापाच. एकदा माप ठरलं की आरसा, दाराची मूठ, नंबरप्लेट, सगळं त्याच मापात. ब्लाउज बेतताना बाहीचं माप चुकलं तर कसं दिसतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको!

बाजारात तयार धातूच्या गाड्या मिळतात, तसे प्लॅस्टिकचे सुटे भाग असलेले संचही मिळतात. भाग कापायचे, पॉलिश पेपरनं घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. जपानमधल्या शिझुओका शहरातली तामिया ही या संचांची जगप्रसिद्ध कंपनी. १९४६ मध्ये तिची सुरुवात झाली ती चक्क लाकडाच्या वखारीपासून!

या छोट्या गाड्यांच्या इतिहासात एक मुलगीही आहे बरं का. लंडनच्या लेस्नी कंपनीत जॅक ओडेल नावाचे गृहस्थ होते. त्यांच्या मुलीच्या शाळेत नियम होता, आगपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायचं. म्हणून वडिलांनी तिला पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला. त्यातूनच १९५३ मध्ये 'मॅचबॉक्स' गाड्या आल्या. आणि १९६८ मध्ये 'हॉट व्हील्स' गाड्या आणणाऱ्या मॅटेल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होत्या रूथ हँडलर, १९५९ मध्ये बार्बी बाहुली आणणाऱ्या. बाहुली आणि मोटार एकाच घरातून निघाल्या!

आपली लालपरी

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं. पण नाही. आपल्या महाराष्ट्रात या छंदाची एक अस्सल गावरान शाखा आहे, ती म्हणजे एसटीची मॉडेल्स. खेड्यापाड्यांतली कितीतरी मुलं फोमशीट, पुठ्ठा आणि सनबोर्ड कापून हुबेहूब एसटी बनवतात. तयार संच नाही, नकाशा नाही. स्टँडवर जाऊन खिडक्या मोजायच्या, फोटो काढायचे आणि घरी येऊन पट्टी-पेन्सिल घेऊन बसायचं.

अकरा मीटरची गाडी धरली तर १:२४ मध्ये ती सुमारे ४६ सेंटीमीटर होते. मीटरभर उंचीचं चाक चार सेंटीमीटरचं. मग घरातल्या बरण्यांची झाकणं गायब व्हायला लागतात. असा मुलगा घरात असेल तर मी काय म्हणतेय ते कळेल!

या मुलांचं ज्ञान बघून थक्क व्हायला होतं. जळगाव जिल्ह्यात धावणाऱ्या एसटीवर एमएच-१९ ऐवजी एमएच-२० किंवा एमएच-१४ का असतं, हे कधी लक्षात आलं होतं? एसटीच्या गाड्यांची बांधणी चिकलठाणा, दापोडी आणि नागपूरजवळच्या हिंगणा इथल्या कार्यशाळांत होत आली. जिथे गाडी बांधली, तिथला नंबर. चिकलठाण्याची एमएच-२०, दापोडीची एमएच-१४, हिंगण्याची एमएच-४०. नुसत्या नंबरवरून गाडीचं माहेर ओळखतात ही पोरं.

राज्यात पहिली एसटी धावली ती १ जून १९४८ ला, पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. आणि ती लाल नव्हती, निळी होती, वर चंदेरी छत. आपल्या बायकांचं तर या गाडीशी वेगळंच नातं. माहेरपण, बाळंतपण, कॉलेज, दवाखाना, सगळं हिच्याच भरवशावर. मार्च २०२३ पासून महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली, तेव्हा तर स्टँडवर ओळखीच्या किती बायका भेटायला लागल्या! अशा गाडीचं मॉडेल म्हणजे एका परीनं आपल्याच आयुष्याचा तुकडा.

मळवण्याचीही रीत असते

धूळ नुसती भुरभुरवून चालत नाही. गाडी कुठे कशी मळते याचा विचार लागतो. पाणी वरून खाली वाहतं, म्हणून गंजाचे ओघळ नेहमी खाली उतरतात. चिखल चाकाच्या मागे उडतो, तिथेच दाट हवा. रंग आधी टपावर फिका पडतो, कारण ऊन तिथेच जास्त. पायऱ्यांचा आणि दाराच्या दांडीचा रंग हात-पाय लागून झिजतो.

गंमत म्हणजे यातलं निम्मं सामान स्वयंपाकघरात सापडतं. एक युक्ती मिठाची. आधी गाडीला गंजाचा तपकिरी रंग द्यायचा. वाळला की थोडं पाणी लावून जाडं मीठ चिकटवायचं. त्यावर वरचा रंग मारायचा. तो वाळला की मीठ चोळून काढायचं. जिथे मीठ होतं तिथे खालचा गंज डोकावतो, थेट पोपडे उडाल्यासारखा. दुसरी युक्ती पातळ काळपट रंगाची. तो फटींमधून सोडायचा आणि वरचेवर पुसून घ्यायचा. फटीत राहतो तेवढा मळ खरा वाटतो. पेन्सिलीचं शिसं बोटानं घासलं की झिजलेल्या लोखंडाची चमक येते. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा रंगात बुडवून, टिपून, हलकेच टेकवला की खरचटल्याच्या खुणा उमटतात.

आणि आपल्या भागातल्या गाड्यांचा मळ तर वेगळाच! रावेर-यावलकडून केळी भरून येणाऱ्या ट्रकच्या फळ्यांवर चिकाचे तपकिरी-काळे डाग असतात. केळीचा चीक साडीला लागला की जात नाही, हे इथल्या प्रत्येकीला ठाऊक. दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख वाहणाऱ्या गाड्यांवर करडा-पांढरा थर असतो. आणि उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात गेला की लाल रंगही विटून गुलाबट होतो. मुंबईच्या मुलानं बनवलेली एसटी आणि वरणगावच्या मुलानं बनवलेली एसटी एकसारखी दिसली, तर समजायचं दोघांपैकी एकानं नीट पाहिलेलं नाही.

आजीची माती

आमच्या गल्लीतल्या एका बारावीच्या मुलानं अशीच एसटी बनवली. पाटीवर 'वरणगाव – भुसावळ'. लालभडक, देखणी. शेजारपाजारच्या सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी तो तिच्यावर काळा रंग फासायला बसला, तेव्हा त्याची आजी चिडली. "काबर रे भो, चांगली नवी गाडी, काहून खराब करतो?" त्यानं समजावलं, "आजी, ही चिखलाची गाडी आहे. पावसाळ्यातली."

आजी जवळ येऊन बसल्या. चष्मा पुसून त्यांनी गाडी फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "मंग असा काळा नसतो बापा चिखल. ओला असला तं काळा, वाळला की राखेसारखा." खरंच आहे. आपली काळी माती वाळली की करडी पडते आणि तिला बारीक भेगा जातात. आजींनी शेतातली माती मागवली, पुरणाच्या चाळणीतून नव्हे, चांगली दोनदा फडक्यातून वस्त्रगाळ करून दिली. मुलानं ती पाणी आणि थोडा पांढरा गोंद घालून चाकांमागे लावली. वाळल्यावर तिला आपोआप भेगा पडल्या! बाजारातली कुठलीही पावडर ते काम करू शकली नसती.

मग आजींना एकेक आठवत गेलं. पूर्वी टपावर जाळीचं कॅरिअर असायचं, मागच्या बाजूला शिडी. त्यावर पाट्या, गोण्या, एकदा तर कुणाच्या लेकीच्या लग्नाचं कपाट. मुलगा लिहून घेत होता. ज्या आजींना घरात मोबाइल, टीव्ही, अभ्यास यांतलं काही विचारायला कुणी जात नव्हतं, त्यांना नातू आठवडाभर प्रश्न विचारत होता. "शिडी कोणत्या बाजूला होती? दोरी कशी बांधायचे?"

मुलाच्या आईची बाजूही ऐकायला हवी. ती मला म्हणाली, "ताई, बोर्डाचं वर्ष आहे. रात्री बारापर्यंत गाडी कापत बसतो. याचे मार्क कोण देणार?" तिची काळजी खोटी नाही. आमच्या गावात ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, शेजारी भुसावळला रेल्वे. नोकरी म्हणजे काय हे इथल्या आयांना नेमकं ठाऊक असतं. शेवटी घरात ठरलं ते असं : फक्त रविवारी दुपारी, आणि परीक्षेच्या दोन महिने आधी कटर-ब्रश कपाटात. आईनं छंद बंद केला नाही, त्याला कुंपण घातलं. मला वाटतं, हे बरं झालं. मिलिमीटरचं माप, हाताची स्थिरता, बिघडलेलं शांतपणे दुरुस्त करणं या गोष्टी मार्कशीटवर नसल्या तरी पुढे कामाला येतात. पण येतीलच म्हणून नव्हे, त्या वयात स्वतःच्या हातानं काही पुरं केल्याचा आनंद मिळतो, हेही पुरेसं आहे.

आपल्यासाठीही

आणि हा छंद फक्त मुलांचाच का? रांगोळीची रेघ न थरथरता ओढणारा हात, सुईत दोरा ओवणारी नजर, गौरीचे मुखवटे रंगवणारं बोट आपल्याकडे आहेच. अडचण वेगळी आहे. बाईनं काही करायचं तर त्याचा उपयोग काय, हा प्रश्न आधी येतो. लोणचं खाता येतं, स्वेटर घालता येतो, पापड विकता येतात. छोट्या गाडीचं काय करायचं? काही नाही! बघायचं. दुपारचा एक तास असा असावा की ज्याचा हिशेब कुणाला द्यावा लागत नाही.

शिवाय या गाड्या आठवण सांभाळतात. अँबेसेडर २०१४ मध्ये बंद झाली, मारुती ८०० त्याच वर्षी. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सीही नाही. ज्या गाडीतून सासरी आलो, ती आता भंगारातही सापडणार नाही. पण तिच्या मागच्या दाराला पडलेला पोचा कुणाला आठवत असेल, तर तो पुन्हा पाडता येतो! पुण्याला कधी गेलात तर कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. १९९८ मध्ये ते सुरू झालं. एका माणसाच्या छंदातून केवढं उभं राहू शकतं, ते तिथे दिसतं.

सुरुवात करायची असेल तर…

• पहिल्यांदा महागडा संच घेऊ नका. मुलांची जुनी, रंग उडालेली धातूची गाडी घ्या. साबणाच्या पाण्यानं तेलकटपणा घालवून वाळवा आणि तिच्यावरच हात बसवा.

• रंग एकदम जाड थापू नका. दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग नवशिक्यांना सोपे.

• थिनर आणि स्प्रेचा रंग वापरताना खिडक्या उघड्या ठेवा. ते पेट घेतात, त्यामुळे गॅस, देव्हाऱ्यातला दिवा आणि उदबत्तीपासून लांब. स्वयंपाकघरात तर नकोच.

• खिडक्यांचं पारदर्शक प्लॅस्टिक फेविक्विकनं चिकटवू नका. त्याच्या वाफेनं काच पांढरी पडते. तिथे पांढरा गोंद बरा, वाळल्यावर तो दिसत नाही.

• कटर लहान मुलांच्या हाती देऊ नका. कापताना पातं आपल्यापासून दूर न्या, खाली जाड पुठ्ठा ठेवा.

• मळवण्याआधी खरी गाडी पाहा. स्टँडवर एसटीची वाट बघत बसावं लागलं, तर ती वेळ फुकट गेली असं समजू नका. समोर उभ्या गाडीच्या चाकामागे बघा, चिखल कुठवर उडालाय ते!

• आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. कोणती गाडी, कोणता रंग, कुठे काय बांधलेलं असायचं. त्यांच्याएवढी माहिती कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही.